गुलाबी काड्या आणि इडलीचं भांडं

स्वच्छतेच्या बाबतीत तुंगाबाईंना शिकवील असा माणूस कानडी मुलखातल्या अख्ख्या बसवनगुडीत नव्हता, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. बाजारातून आलेला नवा चमचासुद्धा त्यांच्या घरी वाफ घेतल्याशिवाय ताटाला लागत नसे. ब्याण्णव साली मुलाने, श्रीरंगने, घराच्या पुढच्या खोलीत दातांचा दवाखाना काढला, तेव्हा तिथलं वाफेचं यंत्र बघून त्या एवढंच म्हणाल्या, "त्यात काय नवल? आपल्याकडे हे पहिल्यापासून आहे."

पेशंट मात्र फिरकत नव्हते. अखेर मराठी मंडळाचे अध्यक्ष वेणुगोपाळराव गाल धरून आले. त्यांनी बरं म्हटलं तर सगळं मंडळ मागोमाग येणार, आणि नाक मुरडलं तर श्रीरंगला दवाखान्याला कुलूप लावावं लागणार.

पहिल्या खेपेला दाढेचं मूळ साफ झालं. दुसऱ्या खेपेला ते भरायचं होतं. खुर्चीत बसल्याबसल्या वेणुगोपाळरावांनी विचारलं, "हत्यारं उकळलीस ना रे?"

"वाफेतून काढलीत, मामा."

"आणि ह्या गुलाबी काड्या?"

"ह्या मुळात भरायच्या. रबरासारख्या असतात, वाफ सोसत नाहीत. म्हणून ह्या औषधात बुडवून जंतू मारतो."

मामांनी औषधाचा वास घेतला. संडास धुवायच्या पाण्याला येतो तसाच होता. "हे माझ्या तोंडात? उकळल्याशिवाय काही घालायचं नाही. नाहीतर हा मी उठलो."

"स्वल्प थांबा मामा, आधी एक्स-रे बघू." श्रीरंगने फोटो काढला आणि फिल्म धुवायला न्हाणीघरात जाऊन, अंधार करून, दार लावून घेतलं.

पडद्याआड तुंगाबाईंनी सगळं ऐकलं होतं. आपल्या घरात न वाफवलेली वस्तू, आणि ती अध्यक्षांच्या तोंडात! त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या बाहेर आल्या आणि काड्यांची डबी उचलून म्हणाल्या, "वेणुअण्णा, वाफवून आणते." तोंडात कापूस असलेल्या मामांनी खुशीत मान हलवली.

काड्या नाजूक म्हणून तुंगाबाईंनी त्या फडक्यात गुंडाळल्या आणि इडलीच्या भांड्यात ठेवल्या. थोड्या वेळाने न्हाणीघरातून हाक आली, "आई, कसला वास येतोय?"

"तू तुझं काम कर."

"गॅसवर काय ठेवलंयस?"

"बाहेर येऊन बघ."

"दार उघडलं तर फिल्म जाईल गं!"

तुंगाबाईंनी झाकण काढलं. फडक्यात एकही काडी नव्हती. पोराने चघळून टाकलेल्या चुइंगमसारखा एक गुलाबी गोळा होता. आपल्या हाताने आपण पोराचा दवाखाना बुडवला, या विचाराने त्यांचे डोळे भरून आले. गोळा फेकून देऊन गप्प बसता आलं असतं. पण त्या भांडं घेऊन सरळ खुर्चीपाशी गेल्या.

"वेणुअण्णा, श्रीरंग सांगत होता तेच खरं. वाफवलं की असं होतं. चूक माझी, त्याची नाही. तुमचा हट्टच असेल तर हा गोळा भरायला सांगते. अगदी सोवळ्यातला आहे."

वेणुगोपाळरावांनी गोळ्याकडे बघितलं, मग तोंडातला कापूस काढला. "नको अक्का. औषधातच बुडवू दे त्याला."

तुंगाबाईंचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात श्रीरंग ओली फिल्म धरून बाहेर आला.

"सरी, बरं," मामा त्याला म्हणाले, "तुझं ऐकतो. बुडव आणि भर."

श्रीरंगने डबीची रिकामी जागा बघितली, मग आईच्या हातातलं भांडं बघितलं. "काय बुडवू, मामा? आईने सगळी डबी शिजवली."

दाढेला तात्पुरतं सिमेंट लावून मामा घरी गेले. जयनगरहून नवी डबी आली, तसे तेही आले, आणि येताना मंडळाचे दोन गाल सुजलेले सभासद घेऊन आले. श्रीरंगने काड्या औषधात बुडवल्या. मामांनी आ करण्याआधी हात वर केला.

"जरा थांब. आधी आत बघून ये. अक्काचा गॅस बंद आहे ना?"