उपाशी पिंजऱ्यांचं वजन

उपाशी पिंजऱ्यांतले उंदीर लठ्ठ झाले, तेव्हा संशोधक ताईंनी आधी वजनकाट्यावर संशय घेतला. काटा बदलला. उंदीर लठ्ठच. डावीकडच्या पिंजऱ्यांना पोटभर खाणं आणि उजवीकडच्यांना त्याच्या दोन तृतीयांश, असा त्यांचा प्रयोग होता. पोटाला चिमटा बसला की पेशींतली सर्ट्युइन नावाची प्रथिनं जोमाने कामाला लागतात, साठवलेली चरबी वापरायला लावतात, पेशींची डागडुजी करतात आणि मधुमेहासारखे आजार लांब ठेवतात, असं त्यांना दाखवायचं होतं. त्यावर त्यांची डॉक्टरेट अवलंबून होती आणि मुदत संपायला दोन महिने उरले होते.

तपासणीत आणखी पंचाईत झाली. सर्ट्युइन वाढली होती, पण ती पोटभर खाणाऱ्यांत. ताईंच्या तोंडचं पाणी पळालं आणि त्यांच्या सरांच्या तोंडाला पाणी सुटलं. आजवर सगळ्यांनी मांडलेलं उलटं आहे, असं सरांनी परिषदेला कळवूनही टाकलं. लहान माणसाची चूक ही चूक असते, मोठ्या माणसाच्या चुकीला सिद्धान्त म्हणतात.

सरांच्या परिषदेतल्या भाषणाला तीन आठवडे असताना पिंजरे सांभाळणारे मामा मोतीबिंदू काढायला रजेवर गेले. त्यांच्या मागे ताई स्वतः खाणं घालू लागल्या, आणि पंधरा दिवसांत उपाशी उंदीर मुकाट्याने वाळले. ताईंना काय ते कळलं. मामा काळा चष्मा लावून कामावर आल्या आल्या त्यांनी विचारलं, आणि मामांनी काही लपवलं नाही.

"डावीकडचं बरंचसं उजवीकडे सरकवायचो, ताई. एक जेवतोय आणि समोरचा जाळीला नाक लावून बघतोय, हे मला नाही बघवत."

"रोज?"

"सुट्टीच्या दिवशीसुद्धा यायचो."

सरांनी भाषण रद्द केलं. मामांनी रोज किती सरकवलं याचं माप नव्हतं, त्यामुळे तीन वर्षांचं काम पाण्यात गेलं. हातापाया पडून ताईंना आठ महिन्यांची मुदतवाढ मिळाली. त्या चार शब्द सुनावायला मामांकडे गेल्या, तर मामांनीच आधी उंदरांची चौकशी केली. ज्यांच्या तोंडचा घास गेला ते टुणटुणीत आहेत, ताईंनी सांगितलं, आणि ज्यांना जास्तीचं मिळालं त्यांच्या यकृतावर चरबी चढली आहे.

मामा स्टुलावर बसले.

"म्हणजे ज्यांची कीव केली, त्यांचंच वाटोळं केलं मी."

ताईंचा राग गेला नाही, पण त्यात वाईट वाटणंही मिसळलं. उंदरांना मापाबाहेर एक कणही घालणार नाही, अशी शपथ तेवढी त्यांनी घेववली.

मामांनी ती पाळली. नव्या उंदरांचं खाणं घालून झालं की ते भिंतीकडे तोंड करून बसत. ताई अख्खा दिवस काट्यापाशी नुसत्या चहावर काढत. आठवड्याभराने एका दुपारी मामांनी आपला डबा उघडला, त्यातलं अर्धं झाकणात काढलं आणि ताईंच्या उघड्या वहीवर ठेवलं.

"मामा, मला भूक नाहीये."

"ताई, तुम्ही तर प्रयोगात नाही ना?"

ताईंनी वही बाजूला सारली आणि त्या जेवायला बसल्या.