सांदवाडीपर्यंत नेट

सहारेभाऊंच्या घरी स्वतःचा टेलिफोन होता, तरी फोनवर बोलायला ते आमच्या घरी येत. दर रविवारी सकाळी आमचा फोन वाजे आणि मी उचलेपर्यंत भाऊ दारात चपला काढत असत. पुण्याहून त्यांची भाची सुषमा बोलायची. ती तिकडे एका दवाखान्यात नर्स होती. भाऊ आमच्या खुर्चीत बसून अशा आवाजात बोलत, की वडसा स्टेशनवर उभ्या असलेल्या माणसानेही फोनशिवाय ऐकावं. वर आमचाच चहा. एकदा मी न राहवून विचारलं, "भाऊ, घरचा फोन बिघडला काय?"

"ठणठणीत हाय," भाऊ म्हणाले. "पन घरी बाई असते ना."

बाई म्हणजे त्यांची थोरली बहीण अंजनाबाई, सुषमाची आई. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. शाळेत कोणी घातलं नाही, म्हणून अक्षरओळखही नाही. नवरा गेल्यावर ती लहानग्या लेकीला घेऊन भावाकडे आली आणि इथलीच झाली. भाऊंनी लग्न केलं नाही.

"तिच्यासमोर फोनवर बोलनं म्हंजे उपाशी मानसासमोर जेवन करनं होय," भाऊ म्हणाले, आणि रिकामा कप पुढे करून विचारलं, "अजून हाय काय?"

भाऊ पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले होते, पण ते फक्त कागदोपत्री. कोणाचीही वस्तू, पत्रिका, निरोप वाटेत अडकलेला त्यांना बघवत नसे. मोहल्ल्यातल्या लग्नपत्रिका ते न सांगता वाटून येत. हिवाळ्यात इथं नाटकं लागतात. एका नाटकात खलनायकाने नायिकेचं पत्र फाडलं, तर भाऊ तिसऱ्या रांगेत उभे राहिले आणि "हा गुन्हा हाय!" असं ओरडून घरी निघून गेले. पुढे त्या नायिकेचं काय झालं, ते त्यांनी कधी विचारलं नाही. "घाई काई नाई, पन आत्ताच," हे त्यांचं पालुपद. शिडी हवी असो की सल्ला, माझी दुपारची झोप लागली की भाऊ हजर. मी तसा तापट माणूस, पण त्यांच्यापुढे माझं काही चालत नसे.

दिवाळीला सुषमा एक जुना लॅपटॉप घेऊन आली. भाऊंनी टेलिफोनच्या तारेवर नेट घेतलं आणि बैठकीत राऊटर बसवला. पुढच्या रविवारी सुषमा पुण्यातल्या सायबर कॅफेत जाऊन कॅमेऱ्यासमोर बसली. अंजनाबाईने आधी पडद्यावरच्या लेकीच्या गालाला हात लावून पाहिला. मग तिचे हात सुरू झाले. तिची भाषा कोणी शिकवलेली नव्हती. ती मायलेकींनी घरीच रचली होती, आणि त्यात बरंचसं बोट दाखवून बोलणं होतं. वांगं म्हणायचं तर वांगं दाखवायचं. भाऊ म्हणत, "तिची अर्धी भाषा सांदवाडीत हाय." घरामागच्या त्या मोकळ्या वाडीत बाईची भाजी होती, शेळी होती. शेळी व्यायली होती आणि ते लेकीला सांगायचं होतं. बाईने लॅपटॉप उचलला आणि मागे निघाली.

मधल्या भिंतीपलीकडे जाताच चित्र थिजलं. नेमके त्या क्षणी सुषमाचे डोळे अर्धे मिटलेले, तोंड वाकडं. बाईने लॅपटॉप हलवून पाहिला, आणि मग ती खाली बसून छाती बडवू लागली.

भाऊ धावत आमच्याकडे आले, सुषमाला फोन लावला. ती धडधाकट होती. पण हे बाईला कसं पटवायचं? भाऊंनी हातांनी सांगितलं, मीही सांगितलं. तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यानंतर लॅपटॉप उघडला की ती उठून सांदवाडीत जायची. दोन घास खाऊन ताट सारायची.

"जलमभर लोकायचे निरोप पोचोले मी," भाऊ मला म्हणाले, "अन् घरच्या बाईले एक नाई पोचून राह्यला." एवढं म्हणून ते चहा न घेताच उठले. भाऊ चहा न घेता गेलेले मी तोवर पाहिले नव्हते, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

अडचण त्या भिंतीची होती. ती मातीची, हातभर जाड, आणि भाऊंनी स्वतः उभी केलेली. "माह्या भितीतून उंदीर नाई जात, नेट कुठून जाईन?" यात दुःख किती आणि अभिमान किती, ते कळणं कठीण होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सब्बल घेऊन त्याच भिंतीला भोक पाडलं. नेटाला वाट म्हणून. नेट चुलीपर्यंत आलं आणि थांबलं.

मग आमच्या इथल्या सायबर कॅफेवाल्या सलीमभाईंनी सल्ला दिला, की मागच्या ओसरीवर दुसरा राऊटर लावा आणि पहिल्यापासून तिथवर वायर टाका. सारा मोहल्ला हसला. मुक्या बाईला एकही नेट कशाला, आणि यांचे दोन डबे! भाऊंनी नागपूरहून राऊटर मागवला आणि वायर छपराच्या कवेलूंवरून नेली. वानरांच्या टोळीने ती संध्याकाळपर्यंत ओढून आंब्यावर नेऊन ठेवली. तेव्हा वायर भिंतीच्या भोकातून घेतली. दोन्ही राऊटरांचे दिवे लागले आणि नेट दोन्हीकडचं बंद पडलं.

मी सलीमभाईंना फोन लावला. ते म्हणाले, "दोनो का नंबर, मतलब पत्ता, एकच है, सर. दुसऱ्याचा बदलून टाका. अन् त्याचं लॅपटॉपले नंबर वाटनं बंद करा. वाटप पहिलाच करन."

मी ते भाऊंना समजावू लागलो, तर त्यांचा चेहरा उजळला. "असं सांगा ना! हा ब्रँच आफिस हाय. हेड आफिसातून आलं ते पुढं द्याचं, आपला हुकूम नाई चालवाचा." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "घाई काई नाई, पन आत्ताच." मी जेवणावरून उठून त्यांच्या घरी गेलो.

रविवारी सुषमा पडद्यावर आली तेव्हा बाई आमच्याकडे पाठ करून वांग्यांना पाणी घालत होती. भाऊंनी लॅपटॉप दोन्ही हातांत धरला, भिंत ओलांडली, ओसरी ओलांडली आणि सांदवाडीत तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. बाईने तोंड फिरवलं. भाऊ फिरून पुन्हा समोर गेले. पडद्यावर सुषमा हात हलवत होती, हलवतच होती. बाई बराच वेळ डोळ्यांची पापणी न लववता पाहत राहिली. चित्र थिजेना, तेव्हा तिने लॅपटॉप भावाच्या हातून जवळजवळ हिसकावला आणि शेळीकडे पळाली. करडू दाखवलं, पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा दाखवल्या, वानरांनी फोडलेले कवेलू दाखवले. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

"मामा, तुमी बी बोला ना!" लॅपटॉपमधून सुषमा मोठ्याने म्हणाली.

भाऊंनी तोंड उघडलं. बाईकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. मग त्यांनी हात उचलले आणि कसंबसं काहीतरी विचारलं. मग सुषमानेही आवाज बंद करून दोन्ही तळवे स्वतःच्या गालांवरून फिरवले आणि बोटाने इकडे खूण केली. होळीला येते. मला ती हातांची भाषा येत नाही, तरी कळलं.

भाऊंनी बहिणीकडे वळून, कळलं नाही अशी मान हलवली. काय म्हणते?

बाईने लॅपटॉप ओसरीवर ठेवला, भावाजवळ आली आणि वांग्याच्या आळ्यात मळलेले दोन्ही हात त्याच्या गालांवर फिरवून लेकीचा निरोप त्याला सांगितला. भाऊ तोंडभर माती घेऊन उभे राहिले आणि आत्ता कळलं अशी मान डोलावली.