रस्ता सुरक्षा मंडळाची तुडुंब सभा

मांडववाल्याने खांब रोवता रोवता एकदाच म्हटलं, "सायेब, अर्धा रस्ता जातोय."

"अर्धा उरतोय ना?" हर्षद उतेकर म्हणाले.

हर्षद हे महाड-पोलादपूर रस्ता सुरक्षा मंडळाचे अध्यक्ष. गेल्या वर्षी त्यांनी महाडात सभागृह घेऊन कार्यक्रम केला, तेव्हा समोर रिकाम्या खुर्च्या आणि घोरणारा रखवालदार एवढेच श्रोते होते. तेव्हापासून उपाध्यक्ष अश्विनचा अध्यक्षपदावर उघड डोळा होता. यंदा तर जिल्ह्याचे मोठे साहेब येणार होते; खुर्च्या रिकाम्या दिसल्या की पद गेलंच. म्हणून हर्षदांनी मांडव थेट पोलादपुरात, महाबळेश्वरच्या रस्त्यावरच घातला. दिसला की लोक येतील!

लोक आले नाहीत, गाड्या आल्या. वरून आंबेनळी उतरून स्ट्रॉबेरीचा टेम्पो, खालून कुडपणची एसटी. उरलेल्या रस्त्यात दोघं नाकाला नाक लावून उभे राहिले आणि हां हां म्हणता दोन्हीकडे रांगा लागल्या. हर्षद शिट्टी फुंकत धावले आणि एसटी मागे घ्यायला सांगू लागले. दुसऱ्या बाजूने अश्विन तिला पुढे बोलावत होता. ड्रायव्हर रावजीने इंजिन बंद केलं.

"तुमचा काय ता ठरू दे. मी च्या पिऊन येतो."

ऊन तापलं. बाजाराची पिशवी घेऊन कुडपणच्या प्रयागबाई एसटीतून उतरल्या.

"काय रे, लगीन हाय काय कुणाचा?"

"नाही आजी," हर्षद म्हणाले, "रहदारी सुरळीत कशी ठेवावी, त्याचा कार्यक्रम आहे."

"मग ठेव की! आमाला कशाला आडवलंस?"

"बसा तर खरं. पंखे आहेत, गरम वडे आहेत."

वडे म्हटल्यावर अख्खी एसटी खाली उतरली. मागोमाग टेम्पोवाला आला, मुंबईचे पर्यटक आले. खुर्च्या संपल्या, माणसं उभी राहिली. हर्षदांचा ऊर भरून आला.

तेवढ्यात मोठे साहेब आले. चालत आले. त्यांची मोटार रांगेच्या शेपटाला अडकली होती आणि सदरा घामाने चिंब झाला होता. हर्षदांनी शिट्टी घाईने खिशात लपवली. अश्विनचा चेहरा मात्र उजळला.

साहेबांनी माइक हातात घेतला, मांडवभर नजर फिरवली आणि ते गहिवरले. "रस्ता सुरक्षेसाठी एवढी गर्दी! आणि एकही माणूस उठून जात नाही!"

"जानार कुठून?" प्रयागबाई ओरडल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी त्यांना लगेच आदर्श प्रवासी ठरवून, शाल पांघरवून त्यांच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं.

"ह्याचा मी काय करू? घरी सोड रे मला!" हेल्मेटच्या आतून आवाज आला. पुन्हा टाळ्या.

संध्याकाळी मांडव उतरल्यावर मंडळाची बैठक भरली. आता अभिनंदनाचा ठराव येणार, म्हणून हर्षद गळ्यातला हार तसाच ठेवून बसले होते. अश्विन उठला.

"आजची गर्दी कमीच म्हणायची," तो म्हणाला. "बरेच जण गाडी फिरवून परत गेले. पुढच्या वर्षी कार्यक्रम घाटात घेऊ. ऐन वळणावर. तिथं गाडी वळवायलाही जागा नाही."

सगळे थक्क झाले. एवढा पुढचा विचार मंडळात आजवर कुणी केला नव्हता. अश्विनला तिथल्या तिथे एकमताने अध्यक्ष निवडण्यात आलं.