ताटीच्या झाडाचा रस

कोणत्याही संकटाशी लढायचं तर आधी त्याची समिती नेमावी लागते. समितीच्या आधी आलेलं संकट नियमबाह्य समजलं जातं, आणि त्यात दगावलेली माणसंही थोडीफार नियमबाह्यच ठरतात. फरीदपूरकडच्या चरमुकुंदी गावात मोकसेद मातुब्बरचा एकुलता एक मुलगा दोन हिवाळ्यांपूर्वी असाच नियमबाह्य गेला. पहाटे खजुराचा कच्चा रस प्याला, आठवड्याने तापला, दोन दिवसांत बापाला ओळखेनासा झाला आणि बाराव्या दिवशी संपला. समिती तेराव्या दिवशी नेमली गेली.

समितीने सखोल अभ्यास केला. खजुराच्या झाडाची साल तासून खाली मडकं टांगतात. रात्री वटवाघूळ येऊन तासलेली जागा चाटतं, मडक्यात मुततं, आणि सकाळी त्या रसातून निपाहचा विषाणू माणसाच्या पोटात जातो, असं निष्पन्न झालं. वटवाघळांची बाजू ऐकून घेता आली नाही. (त्यांचे वड आणि शिरीष आधीच तोडले गेल्याने पत्ता उपलब्ध नव्हता.) उपाय स्वस्त निघाला. तासलेली जागा आणि मडकं झाकेल अशी बांबूची ताटी झाडाला बांधायची, बस्स.

त्यासाठी प्रकल्प निघाला आणि दोनशे ताट्या वाटल्या गेल्या. पुढच्या पाहणीत त्यांपैकी एक्याऐंशी कोंबड्यांच्या खुराड्यांना, चौपन्न स्वयंपाकघरांच्या कुडांना आणि तीन खुद्द प्रकल्प कार्यालयाच्या खिडक्यांना आढळल्या. एक झाडावर होती. उरलेल्या प्रगतिपथावर होत्या.

झाडावरची ती ताटी मोकसेदची. मोकसेद गाछी होता, म्हणजे झाडावर चढून रस काढणारा. त्याची झाडं बावीस आणि त्याला मिळालेली ताटी एक, म्हणून त्याने ती रस्त्याकडेच्या झाडाला बांधली. मुलगा गेल्यापासून बाकी सगळ्या झाडांचा रस तो सरळ कढईत ओतायचा; सून कोहिनूर तो दोन तास उकळून गूळ करायची. उकळल्यावर विषाणू मरतो, हे समितीलाही मान्य होतं. पण अहवालात उकळण्याचा रकाना नव्हता, ताटीचा होता.

माघात राजधानीहून पाहुणे येण्याचं ठरलं. कार्यक्रमाचं नाव 'निर्भय रसपान'. प्रकल्प अधिकारी वदूदसाहेबांनी योजना आखली होती, आणि तिच्या बारकाईला दाद द्यावी तेवढी थोडी. ज्या घरातला माणूस रस पिऊन गेला, त्याच घरातल्या विधवेने ताटीच्या झाडाचा पहिला पेला प्यायचा. फोटो निघणार होता.

अडचण एवढीच की खजुराचं झाड तीन दिवस तासलं की तीन दिवस विसावतं, नाहीतर मरतं. कार्यक्रमाची तारीख झाडाला न विचारता ठरली होती. त्या सकाळी ताटीचं झाड विसाव्यावर होतं आणि त्याचं मडकं कोरडं ठणठणीत होतं.

"मग दुसऱ्या झाडांचा आणा," वदूदसाहेब म्हणाले.

"साहेब, त्यांना ताटी नाही. रात्रभर वाघळांची जत्रा होती तिथे. मडक्यात लेंड्या तरंगतायत."

"गाळून घ्या ना, चाचा. एवढं काय शिकवायचं तुम्हाला?"

"गाळून जात नाही ते. उकळून देतो, चालेल?"

"उकळलात तर ताटीचा उपयोग काय दिसणार?" साहेब समजुतीने म्हणाले. "आणि हे बघा, एका झाडाला ताटी म्हणजे तत्त्वतः सगळ्यांना ताटी. प्रकल्प एकच आहे."

साहेबांच्या शिपायाने तळ्यामागच्या झाडाचं मडकं उतरवलं, फडक्यातून रस घागरीत गाळला आणि घागरीला झेंडूची माळ घातली. भाषणं झाली. वटवाघूळ हा आपला शत्रू नाही, अज्ञान हा शत्रू आहे, असं प्रमुख पाहुण्यांनी सांगितलं. (टाळ्या, वटवाघळांची उपस्थिती शून्य.) मग कोहिनूरला पुढे बोलावलं. तिने पेला घेतला. रस गार होता आणि वास अगदी गोड होता, नवऱ्याला आवडायचा तसाच.

"अब्बा," ती हळूच म्हणाली, "हा कुठल्या झाडाचा?"

समोर साहेब होते, कॅमेरे होते, अख्खं गाव होतं. मुलाच्या वेळी पेला त्याने स्वतः भरून दिला होता, कौतुकाने.

"तळ्यामागच्या," तो म्हणाला. "टाक तो."

"चाचा, मध्ये बोलू नका," वदूदसाहेब हसत म्हणाले. "बेटी, पी. फोटो थांबलाय."

मोकसेदने सुनेच्या हातातला पेला काढून मातीत ओतला. मग घागरीला लाथ घातली. झेंडूची माळ तेवढी सांडलेल्या रसावर पडून राहिली आणि पाहुण्यांचे बूट ओले झाले.

अहवाल वेळेवर सादर झाला. कार्यक्रमात रस प्यालेले शून्य, आजारी शून्य, मृत शून्य. सबब ताटीची उपयुक्तता निर्विवाद सिद्ध. मोकसेद मातुब्बर यास गैरवर्तनाबद्दल लाभार्थी यादीतून वगळण्यात आलं आणि त्याची ताटी काढून मुख्यालयातल्या प्रदर्शनात मांडण्यात आली. आता त्याची बावीसच्या बावीस झाडं उघडी आहेत. तो सगळा रस उकळतो. शेजारीपाजारी मात्र हिवाळ्यात कच्चा रस पितात, पाहुण्यांनाही पाजतात, कारण मृत शून्य असल्याचं कार्यालयाच्या फळ्यावर लिहिलेलं आहे.

प्रकल्पाची फाईल बंद झाली. पुढचा माणूस गेल्याखेरीज ती उघडता येत नाही, तसा नियमच आहे. तुम्हीही इथपर्यंत आलात ते शेवटी कोण मेलं हे बघायलाच, आणि कोणीच मेलं नाही म्हटल्यावर जरा हिरमुसलात. संकोच करू नका. समितीत एक जागा रिकामी आहे, आणि तुमच्याइतका पात्र उमेदवार तिला मिळायचा नाही.