प्रस्ताव क्रमांक सतराचा सोप्यात सोपा अर्थ

मंडळी, एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. वाचण्याच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस पाइन फेरीत नाही! चौतीस वर्षं मी या शहरातले पाण्याचे मीटर वाचलेत. बर्फाखालचे वाचलेत, कोळ्याच्या जाळ्यामागचे वाचलेत, एकदा तर झोपलेल्या बुलडॉगच्या पोटाखालचा वाचलाय. त्यामुळे ऑक्टोबरात टपालाने मतपत्रिका आल्या आणि अख्खी टॅनर स्ट्रीट ती चार पानं हातात धरून माझ्या दाराकडे आशेने बघायला लागली, याचं मला मुळीच नवल वाटलं नाही.

मतपत्रिका तरी काय! घरीच भरायची आणि निवडणुकीच्या दिवसापर्यंत लायब्ररीसमोरच्या पेटीत टाकायची. वर न्यायाधीश, शेरीफ, शाळा मंडळ आणि डास निर्मूलन मंडळ. खाली नऊ प्रस्ताव, एकाहून एक लांब. आमच्या रस्त्याला त्यातला एकच हवा होता. क्रमांक सतरा.

त्याचं असं आहे. आमच्या नगर परिषदेत नगरसेवक पाच. पाचही जण अख्ख्या शहरातून निवडून येतात, आणि पाचही जण टेकडीवर राहतात. टेकडीवरचं पाणी दर नोव्हेंबरात खाली आमच्याकडे येतं, नगरसेवक मात्र येत नाहीत. कोपऱ्यावरचं गटार पानांनी तुंबतं आणि पाणी थेट क्लॉस्टरबाईंच्या तळघरात शिरतं. क्लॉस्टरबाई म्हणजे माझ्या सातवीच्या व्याकरणाच्या बाई, वय वर्षं चौऱ्याऐंशी. गेल्या साली त्यांच्या दिवंगत नवऱ्याचा अकॉर्डियन त्या पाण्यात भिजला. आता तो वाजवला की सूर येत नाही, नुसता ढेकर येतो. अकरा वर्षं आम्ही अर्ज करतोय. एकदा एक नगरसेवक मोटारीतून आले, काच खाली करून म्हणाले, "वा! इथे तळं आहे हे माहीतच नव्हतं!" आणि गेले.

शहराचे पाच प्रभाग पडले, तर खालच्या वस्तीचा एक नगरसेवक खालचाच होणार. म्हणून सतरा महत्त्वाचा!

मी सगळ्या रस्त्याला घरी बोलावलं. ग्लेंडाने, म्हणजे माझ्या बायकोने, ब्लॅकबेरीचा मोठा 'पाय', म्हणजे आत फळं भरून भाजलेली गोल पोळी, केला होता. मी सुरी उचलली.

"हे आपलं शहर," मी म्हणालो. "याचे पाच प्रभाग करायचे. प्रत्येकात माणसं सारखी. हा टेकडीचा, हा गोदीचा, हा आपला..."

"ए, ऑरिनराव!" ड्वेन ओरडला. ड्वेन म्हणजे कोपऱ्यावरचा न्हावी. तीस वर्षं माझे केस कापतोय आणि तितकीच वर्षं माझी खेचतोय. "माझ्या प्रभागात फळ कुठाय? नुसती कड आली!"

"लोकसंख्या सारखी आहे, ड्वेन. क्षेत्रफळ नाही."

"मग मला गोदीत हलव!"

त्यावरून सीमांची फेररचना सुरू झाली. प्रत्येकाने आपापला काटा घेऊन हरकती नोंदवल्या. दहा मिनिटांत शहर नाहीसं झालं आणि ताटलीत जांभळा डाग उरला.

"मुद्दा एवढाच," मी शेवटी हात वर करून म्हणालो, "प्रभाग हवेत ना? मग सतराला 'हो' म्हणायचं. संपलं!"

"तू खालचा बारीक मजकूर वाचलास का?" ग्लेंडाने विचारलं.

"मथळा वाचला. 'प्रभागनिहाय निवडणुकीबाबतचा प्रस्ताव'. एवढा मोठा मथळा दिल्यावर खालचं कशाला वाचायचं? ते वकिलांसाठी असतं!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कारण खालचं वाचायला कुणालाच नको होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी पाट्या रंगवायला घेतल्या. प्लायवूडवर हिरवी अक्षरं: "सतराला हो म्हणा!" आठवड्यात प्रत्येक अंगणात एक पाटी उभी राहिली. ड्वेनच्या दुकानासमोर तीन.

टेकडीवरच्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांचे म्होरके प्रेस्टन व्हिटकॉम. स्वतः नगरसेवक, धंदा घरं विकण्याचा, दात इतके पांढरे की समोरच्याने गॉगल लावावा. त्यांनी लगेच चकचकीत लाल छापील पाट्या लावल्या: "सतराला नाही म्हणा! शहर अखंड ठेवा!" टेकडी लाल, खालची वस्ती हिरवी. शहर नुसतं पेटलं होतं!

या सगळ्यात क्लॉस्टरबाई नव्हत्या. त्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी लेकीकडे गेल्या होत्या. मतदानाला चार दिवस उरले असताना परत आल्या. डोळे नवे कोरे! मग काय, त्यांनी वाचायचा सपाटाच लावला. औषधाची बाटली वाचली, ओटच्या डब्यामागची पाककृती वाचली, आणि मग मतपत्रिका वाचली.

शनिवारी सकाळी पेन्सिल घेऊन त्या माझ्या दारात.

"ऑरिन, हे वाक्य मोठ्याने वाच."

सदुसष्टाव्या वर्षी मी सातवीतल्यासारखा ताठ उभा राहिलो. मी वाचलं: "शहराच्या सनदेतील कलम नऊ, ज्यान्वये नगरसेवकांची निवड प्रभागनिहाय करण्यास मनाई आहे, ते कायम ठेवण्यात यावे काय?"

"काय कायम ठेवायचं?"

"कलम नऊ, बाई."

"कलम नऊ काय म्हणतं?"

"प्रभागनिहाय निवड..."

"थांबू नकोस. पुढे?"

"...करण्यास मनाई आहे."

"मग 'हो' म्हटलं तर काय राहील?"

"मनाई राहील."

"सातवीतही तुला गौण वाक्य दिसायचं नाही," बाई म्हणाल्या. "तू उडी मारून पुढे जायचास. आत्तापर्यंत किती जणांनी मत टाकलं?"

मला माहीत नव्हतं. बाईंनी मला कोट चढवायला लावला आणि थेट ड्वेनच्या दुकानात नेलं. शनिवारी सकाळी अर्धी टॅनर स्ट्रीट तिथेच असते. मी उभा राहिलो, टोपी काढली आणि सांगून टाकलं. एका दमात. कारण दुसरा दम आला नसता.

ड्वेनचा वस्तरा हवेतच थांबला.

"मी मंगळवारीच मत टाकलं," ड्वेन हळूच म्हणाला. "लायब्ररीसमोरच्या पेटीत. तुझ्या भरवशावर! 'हो'चा गोल इतका काळा केला, इतका काळा केला की कागद फाटायचा बाकी राहिला!"

हात वर करायला लावले. बावीस जणांची मतं गेलेली. मी धरून तेवीस. पहिल्या दिवशी पहिलं मत मीच टाकलं होतं, पेटीसमोर फोटो काढून!

कुणी शिवी दिली नाही, हेच जास्त लागलं. खुर्चीतला म्हातारा साबण लावलेल्या गालांनी नुसता म्हणाला, "म्हणजे यंदाही पाणी."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही, पण पेन्सिल घट्ट धरली.

एवढ्यात ड्वेनने वस्तरा खाली ठेवला. "थांबा थांबा! टेकडीवरच्या पाट्यांवर काय लिहिलंय?"

"नाही म्हणा," मी म्हणालो.

"म्हणजे तेही..."

"तेही उलटंच!"

दुकान असं हसलं की आरसे हलले! ड्वेनने मला मिठी मारली. "कुणी चकार शब्द काढायचा नाही! पाट्या जिथल्या तिथे ठेवा! ज्यांची मतं राहिलीत त्यांनी गुपचूप 'नाही' करा, आणि टेकडीला तिच्या मार्गाने जाऊ द्या!"

"नाही," क्लॉस्टरबाई म्हणाल्या.

"अहो बाई, पाणी तुमच्याच तळघरात येतं ना?"

"येतं. म्हणून वरच्यांना चुकीचं उत्तर लिहू द्यायचं? चाळीस वर्षं माझ्या वर्गात हे चाललं नाही. ऑरिन, गोंधळ तू घातलास. टेकडीवर जा आणि सांगून ये."

"बाई, जिंकतोय हो आपण!"

"कोट आहेच अंगावर," बाई म्हणाल्या.

गेलो. काय करणार! व्हिटकॉमसाहेबांचं घर टेकडीच्या अगदी माथ्यावर. वारा असा बोचरा की डोळ्यांतून पाणी आलं. साहेबांनी दार उघडलं, दात दाखवले, भोपळ्याच्या मसाल्याची कॉफी दिली. मी मतपत्रिका पुढे केली.

"साहेब, सतरावा प्रस्ताव उलटा आहे. प्रभाग नको असतील, तर तुमच्या लोकांनी 'हो' म्हणायला हवं."

ते हसायला लागले. "मिस्टर टॉलिव्हर, मतदान तीन दिवसांवर आलंय आणि तुम्ही माझ्या घरी येऊन मला 'हो' म्हणायला सांगताय?"

"वाक्य वाचा ना. ही बघा इथे 'मनाई'..."

"मी सव्वीस वर्षं घरं विकतोय. माणूस थाप मारायला लागला की त्याचा डावा कान लाल होतो. तुमचा बघा कसा पेटलाय!"

"थंडीने झालाय तो!"

"आणि डोळ्यांत पाणी! अभिनय झकास आहे." त्यांनी मतपत्रिकेकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून मला दारापर्यंत सोडलं.

मी घरी येऊन बाईंना सगळं सांगितलं. "तू सांगितलंस ना? सरळ?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. "मग झालं," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. सातवीत हे कधी घडलं नव्हतं.

रविवारी टेकडीवर नव्या पाट्या लागल्या, दुप्पट मोठ्या: "खालच्यांच्या थापांना भुलू नका! सतराला ठणकावून नाही म्हणा!"

आणि ठणकावलं हो त्यांनी! मंगळवारी संध्याकाळी निकाल आला. आमच्या वस्तीत निम्मे 'हो', निम्मे 'नाही'. टेकडीवर शंभरात एक्क्याण्णव 'नाही'. कलम नऊ रद्द, पाच प्रभाग मंजूर! टीव्हीवर व्हिटकॉमसाहेब जनतेचे आभार मानत होते. "हा अखंड शहराचा विजय आहे," असं म्हणत असतानाच वार्ताहर मुलीने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. ते दात आम्ही पहिल्यांदाच झाकलेले पाहिले.

खरी गंमत पुढेच आहे. नव्या नकाशात सगळी टेकडी एका प्रभागात गेली. पाच नगरसेवक आणि जागा एक! नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच ते एकमेकांच्या अंगणात पाट्या रोवायला लागले. व्हिटकॉमसाहेब मोठे हुशार. त्यांनी ताडलं की इथे काही आपला निभाव लागत नाही, दुसरा प्रभाग गाठावा. पण मे महिन्याच्या निवडणुकीला उभं राहायचं, तर सहा महिने त्या प्रभागात राहिलेलं पाहिजे. आठवड्याच्या आत ते टॅनर स्ट्रीटवर भाड्याची जागा शोधत फिरायला लागले. अख्ख्या रस्त्यात जागा एकच रिकामी होती. क्लॉस्टरबाईंचं तळघर.

मी त्या दिवशी बाईंच्या जिन्यातला दिवा बदलायला गेलो होतो. बाईंनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात चार पानी करार लिहिला होता.

"पूर्ण वाचून सही करा," त्या म्हणाल्या.

"बाई, तुमच्यासारख्या शिक्षिकेवर विश्वास नाही ठेवायचा, तर कुणावर?" साहेबांनी सही ठोकली.

"मी पुन्हा सांगते, वाचा."

"झाली की सही!" साहेबांनी दात दाखवले.

"साक्षीदार हवा. ऑरिन?"

मी शिडीवरून उतरलो आणि ऐटीत सही केली. बाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मला वाटलं, नव्या डोळ्यांची सवय व्हायचीय.

पंधरा दिवसांनी, रविवारी पहाटे जो पाऊस लागला तो लागलाच. सकाळी आठला बाईंच्या तळघराचं दार धाडकन उघडलं आणि रेशमी पायजम्यातले व्हिटकॉमसाहेब एक बूट आणि एक टेबललॅम्प घेऊन बाहेर आले. मागे त्यांची गादी तराफ्यासारखी जिन्याला धडका देत होती. त्यांनी तिथूनच, पाण्यात उभं राहून, पाच फोन केले. आणि मंडळी, ज्या गटारासाठी आम्ही अकरा वर्षं अर्ज केले, त्यासाठी रविवारी, भर पावसात, दुपारच्या आत तीन ट्रक आणि एक अधिकारी हजर! चार वाजता गटार असं खळाळून वाहायला लागलं की लोकांनी टाळ्या वाजवल्या. ड्वेनने फुटपाथवर घडीच्या खुर्च्या मांडून थर्मासातून कॉफी फिरवली. बाई छत्री धरून कितीतरी वेळ त्या वाहत्या पाण्याकडे बघत उभ्या होत्या.

"बाई, तुम्ही मला सांगितलं का नाही?" साहेब कुडकुडत म्हणाले.

"लिहून दिलं होतं. कलम सहा. 'तळघरात दर नोव्हेंबरात पाणी शिरते, हे भाडेकरूस मान्य आहे.'"

मला हसू आवरेना. "व्हिटकॉमसाहेब," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "सही करण्याआधी वाचायचं असतं हो!"

"ऑरिन," क्लॉस्टरबाई करार माझ्या हातात देत म्हणाल्या, "कलम सात वाच. उभा राहून, मोठ्याने."

मी वाचलं. "'पाणी शिरल्यास, तळघर पूर्ण वाळेपर्यंत भाडेकरूच्या राहण्या-जेवण्याची सोय साक्षीदाराने आपल्या घरी करावी.'"

ड्वेन खुर्चीसकट मागे पडला. ग्लेंडाने साहेबांची ओली बॅग उचलली आणि आमच्या घराकडे चालायला लागली.

तळघर वाळायला तीन आठवडे लागतात. आज सतरावा दिवस. माणूस तसा वाईट नाही, जेवल्यावर स्वतःची ताटली विसळतो. पण सकाळी न्हाणीघरात शिरला की दात घासायलाच पाऊण तास घेतो. म्हणून तर ही सगळी हकिगत तुम्हाला सांगायला मला इतका निवांत वेळ मिळाला. दाराबाहेर टॉवेल घेऊन उभा आहे.