अर्ध्या गाऱ्हाण्यातली शर्यत

"गाऱ्हाणं झालं की सगळे मोठ्याने 'व्हय म्हाराजा' म्हणतील. ते ऐकलं की सुटायचं," एवढी साधी सूचना शर्यत भरवणाऱ्या सुदेशने पुण्याच्या सायकलवाल्यांना दिली होती. गाऱ्हाणं म्हणजे गावाने मिळून देवाला घातलेलं साकडं; त्यात 'व्हय म्हाराजा' एकदाच येत नाही, दर वाक्यामागे येतं, हे सांगायचं मात्र तो विसरला. त्याचाही दोष नाही. सूर्य पूर्वेला उगवतो हे कोणी पाहुण्यांना सांगत बसतं का?

गावच्या सड्यावर यंदा निसर्ग उद्यान झालं होतं. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा जांभ्या दगडाचा विस्तीर्ण माळ. दिवाळी नुकतीच झालेली, गवत सोनेरी झालेलं आणि दगडातल्या खळग्यांमधून पावसाचं पाणी अजून साठलेलं. सड्याच्या डाव्या अंगाला ढोलाचो कातळ. तिथला दगड आतून पोकळ आहे. वरून बैलगाडी गेली तरी 'ढम् ढम्' असा आवाज खालच्या देवळापर्यंत ऐकू येतो. त्याच्याही पलीकडे गवतात लपलेला कडा. म्हणून शर्यतीची वाट उजवीकडून आखली होती आणि जिथे दोन वाटा फुटतात तिथे वाट दाखवायला फेलिसिदाद मावशीला उभं केलं होतं. मावशीचा आवाज चांगला खणखणीत, दर रविवारी चर्चमध्ये गाऊन कमावलेला.

गावातर्फे एकटी संचिता उतरली होती. उद्यानातल्या सायकल सहलींचं काम, जो पहिला येईल त्याला द्यायचं, असं उद्यान समितीने ठरवलं होतं. काम मिळालं तर संचिता घरी राहणार होती. नाही मिळालं तर सोमवारी गोव्याच्या कारखान्यात खोकी भरायला जायचं नक्की होतं. बॅगसुद्धा भरून ओटीवर ठेवलेली. तिची आई विनीता तोंडाने काही बोलली नव्हती. ती तशीही कमीच बोलायची, आणि बोललीच तर शेजारच्या खोलीत ऐकू जायचं नाही. तिने सकाळी ग्रामदेव रवळनाथापुढे दिवा लावला आणि लेक शर्यत संपवून येईपर्यंत पाण्याचा घोट घेणार नाही, असं मनातल्या मनात सांगून टाकलं.

देवळापुढे सगळे जमले. गावचं गाऱ्हाणं घालणाऱ्या महादूकाकांनी नारळ हातात घेतला, माईक तोंडाशी धरला आणि सुरुवात केली.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा! आज ही तुझी लेकरां सायकली घेवन तुझ्या सड्यार इली आसत, रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव गर्जला.

आणि पुण्याची मंडळी सुसाट सुटली.

सगळ्यांत पुढे ओमकार. त्याच्या सायकलला इतकी गिअरं होती की गावातल्या म्हाताऱ्या मंडळींनी सकाळपासून ती पाहण्यातच वेळ काढला होता. धूळ उडाली. सुदेश हात वर करून "अरे, थांबा! थांबा!" ओरडला, पण सायकलवाल्यांना तो प्रोत्साहनच देतोय असं वाटलं. दोघांनी तर मागे वळून त्याला अंगठा दाखवला.

संचिताचा एक पाय पेडलवर, डोक्यावर हेल्मेट, हात जोडलेले.

"आये, ते गेले!"

"जावंदेत," विनीता डोळे मिटूनच म्हणाली. "अर्ध्या गाऱ्हाण्यातसून पाय काढूचो नाय."

"अगो, पण माझा काम जातला!"

"हात जोड."

संचिताने जोडलेले हात आणखी घट्ट जोडले. दातही.

तिकडे ओमकार वाट फुटते तिथे पोचला. फेलिसिदाद मावशी मध्यभागी उभी होती खरी, पण देवळाकडे तोंड करून, डोळे मिटून. महादूकाकांच्या माईकचा कर्णा तिच्या डोक्यावरच्या काजूच्या झाडाला बांधलेला.

"मावशी, डावीकडे ना?" ओमकारने विचारलं.

"...तेंच्या चाकाक काटो लागा नको, रे म्हाराजा!" कर्णा म्हणाला.

"व्हय म्हाराजा!" मावशी म्हणाली.

झालं. एकामागून एक सगळे डावीकडे गेले आणि ढोलाच्या कातळावर चढले.

ढम्! ढम् ढम्! ढमाढम!

देवळापुढे महादूकाका क्षणभर थांबले. त्यांचे डोळे भरून आले. "ऐकलात? देवान हुंकार दिल्यान!" ते गाऱ्हाणं आता संपवतच होते, पण साक्षात देव ऐकतोय म्हटल्यावर थोडक्यात कोण आटोपतं? त्यांनी आंब्याचा मोहर घेतला, काजूचं बोंड घेतलं, गावची गुरं घेतली, कणकवलीहून येणारी दुपारची एसटी वेळेवर येण्याचं घेतलं. प्रत्येक मागणीला खालून "व्हय म्हाराजा!" आणि वरून "ढमाढम!"

वर कातळावर सगळीकडे सारखाच तांबडा दगड, सारखंच गवत, सारखेच खळगे. मंडळी गोल फिरून परत मावशीपाशी आली.

"मावशी, आम्ही फिरून इथेच आलो!"

"...जो कोण वाकडी वाट धरीत, तेका सरळ वाटेर हाड, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मग परत डावीकडेच जायचं?"

"...जा मागला ता दी, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मावशी, तुम्ही चेष्टा करताय का?"

"...आमची सेवा गोड मानून घे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मावशीला ते दिसत नव्हते असं नाही. एक डोळा किलकिला करून तिने हाताने 'जरा थांबा' अशी खूणही केली. ओमकारला वाटलं, ती डावीकडे हात दाखवतेय. मंडळी पुन्हा कातळावर. पुन्हा ढमाढम. महादूकाकांनी आता शेजारच्या गावाची गुरंही घ्यायला सुरुवात केली.

शेवटी ओमकार पाण्याने भरलेल्या एका खळग्यात सायकलसकट गुडघाभर रुतला आणि मागचे सगळे दमून थांबले. ढोल बंद झाला. महादूकाकांनी कान दिला. "देव निवलो," ते म्हणाले आणि नारळ फोडला.

संचिता सुटली ती अशी की नारळाचं पाणी जमिनीवर पडायच्या आत ती नजरेआड झाली.

"उजवीकडसून जा गो बाये!" वाटेवर फेलिसिदाद मावशी ओरडली. "म्होरे कोण्णूच नाय! तूच पयली!"

संचिता उजवीकडे वळली आणि तिच्या कानावर डावीकडून हाका आल्या. "कोणी आहे का? रस्ता कुठे आहे?" मग एक आवाज, "त्या उंच गवतातून जाऊन बघू या!"

त्या गवतामागे कडा होता.

"मेल्यांनो!" असं म्हणून संचिताने सायकल वळवली. "थांबा! कोणी गवतात जाऊ नका! माझ्या मागे एका रांगेत या. जिथे दगड वाजतो तिथून नको. मी मुक्या दगडावरून नेते."

चिखलाने तांबडे झालेले ते सगळे निमूट तिच्यामागे निघाले. कोणी पुढे जायचं धाडस केलं नाही. पुढे गेलं तर जायचं कुठे, हे कोणालाच माहीत नव्हतं. मात्र शेवटच्या उतारावर देऊळ दिसलं, पताका दिसल्या आणि ओमकारला आपण शर्यतीत आहोत याची आठवण झाली. त्याने खटाखट गिअर बदलले. तो संचिताच्या बरोबरीला आला.

नेमकं तेव्हाच महादूकाकांना सगळी लेकरं सुखरूप येताना दिसली. त्यांचं मन उचंबळून आलं. त्यांनी माईक उचलला.

"बा देवा म्हाराजा! आज तुया ह्या लेकरांक..."

संचिताची बोटं आपसूक ब्रेकवर गेली. जन्मापासूनची सवय ती. गाऱ्हाणं सुरू झालं की उभं राहायचं. चाक मंदावलं. ओमकार हातभर पुढे गेला.

आणि कर्ण्यातून कोणीतरी किंचाळलं.

"महादूकाकानू, गप ऱ्हवा! आधी माझा चेडू येवंदे! संचिताऽ, मार गो पायंडल!"

हा आवाज कोणाचा, हे गावाला कळेना. विनीताचा एवढा मोठा आवाज तिच्या नवऱ्यानेसुद्धा ऐकला नव्हता. माईक तिच्या हातात होता आणि महादूकाका रिकामी मूठ तोंडापुढे धरून उभे होते. संचिताने आईचं ऐकलं. देवळाजवळचा उतार तर तिच्या पायांना पाठ होता. पताकेखालून तिचं चाक गेलं तेव्हा ओमकारचं चाक अजून तिच्या पेडलपाशी होतं.

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. सुदेशने फेलिसिदाद मावशीला गाठलं. "मावशे, तू सगळ्यांका व्हय व्हय कित्याक म्हणालंस?"

"मगे? गाऱ्हाण्याक काय नाय म्हणूचा?" मावशी उसळली. "देव कोणाचोय आसांदे रे!"



विनीताने माईक दोन्ही हातांनी महादूकाकांना परत दिला, कान पकडले आणि नेहमीच्या, शेजारच्यालाही न ऐकू येणाऱ्या आवाजात म्हणाली, "चुकलंय. देव समजान घेतलो." मग लोटीभर पाणी एका दमात प्यायली.

महादूकाकांनी घसा खाकरला आणि मोडलेलं गाऱ्हाणं पहिल्यापासून सुरू केलं. आता पुण्याची मंडळीही सायकली कमरेला टेकवून, हात जोडून रांगेत उभी होती, गुडघ्यापर्यंत तांबडी.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा! ह्या चेडवाक आपल्याच गावात, आपल्याच सड्यार काम गावला, ता असाच ऱ्हवांदे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज ओमकारचा होता.

आणि त्याचा पाय झटकन पेडलवर गेला.

संचिताने डोळे न उघडता त्याचं हँडल धरलं. "थांब रे," ती पुटपुटली. "गाऱ्हाणा संपाक नाय अजून."