पिठातली पावलं

थोरल्या मायाक्काचं लग्न झालं ते साल चौऱ्याहत्तर. मांडव उतरून पंधरवडा झाला नाही, तोच तिची आजी केराबाई गेली. रिवाजाप्रमाणे जीव गेला तिथं पीठ पसरलं, पणती ठेवली आणि वर कोंबड्यांचं डालगं पालथं घातलं. सकाळी पिठात ज्या जनावराची पावलं दिसतील, त्या जन्माला माणूस गेलं, असं धनगरवाड्यात सगळेच मानत.

आणि माग ओळखायचा तर तो केराबाईच्या लेकानं, मायाक्काच्या बापानं, सिद्धनाथनंच! सारा जन्म मेंढरांमागं गेलेला. "माग दावा, जनावर सांगतो. वय बी सांगतो!" ही त्याची बढाई पार कुंभारीपर्यंत पोचलेली.

डालगं उचललं. पीठ असं तुडवलेलं, जणू तिथं आठवडी बाजार भरला होता! सिद्धनाथ गुडघ्यांवर बसला.

"पाच बोटं. नखं लांब. मुंगूस!"

"व्हय की!" त्याची बायको राजाबाई हुंदका देत म्हणाली. "आत्याबाईस्नी अंडं लई आवडायचं!"

परसात कडब्याच्या गंजीखाली मुंगूस होतंच. आजवर राजाबाई त्याला काठी फेकून मारायची. आता डोक्यावर पदर घेऊन पाया पडू लागली. रोज एक अंडं! मुंगूस चटावलं, कोंबड्यांवर आलं.

"आगं, हाकल की त्याला!"

"सासूला हाकलू? जित्तेपणी न्हाय हाकललं, ते आता?"

सात कोंबड्यांच्या तीन राहिल्या. सिद्धनाथच्या डोक्यात मात्र वेगळाच किडा. एवढं धिप्पाड मुंगूस डालग्याखाली शिरलं कसं? चार दिवस तो परसात रांगत माग बघत हिंडला. एका दुपारी जात्याजवळ सांडलेल्या पिठावरनं चिचुंद्री तुरुतुरु पळाली. तीच पाच बोटं! तेवढंच पाऊल!

"चुकलं माजं!" तो ओरडत आत आला. "आई मुंगूस न्हाय, चिचुंद्री हाय!"

राजाबाईनं कमरेवर हात ठेवले. "सोताच्या आईला चिचुंद्री म्हंता? लाज न्हाय वाटत?"

"आगं, माग तसा..."

"दादा," दहाव्यासाठी येऊन राहिलेली बहीण बजाबाई डोळ्याला पदर लावून म्हणाली, "आईचा काय वास येत हुता का रं?"

दुसऱ्या दिवशीचं अंडं सिद्धनाथनंच गंजीखाली नेऊन ठेवलं. मुंगूस गुबगुबीत झालं.

काबरी कोंबडी ज्येष्ठात गेली. तांबडी आषाढात. शेवटची तुरेवाली श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी वारली.